वृद्धांची साक्ष

मराठ्यांच्या अमदानीत दोन गावांमध्ये शिवेचा तंटा उत्पन्न झाला, अथवा पाटीलकीच्या वतनावर दोन भाऊबंदांनी एकाच वेळी हक्क सांगितला, म्हणजे गोतसभा भरवण्याचा रिवाज होता. परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या मौजांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत, देवाची शपथ घातली जाई, आणि मग गावात जे सर्वांत वृद्ध असतील त्यांना पुढे बोलावून, या बांधासंबंधी, या घराण्याच्या वडीलकीसंबंधी तुम्ही आपल्या वडिलांच्या व आज्यांच्या तोंडून काय ऐकले आहे ते स्मरून सांगा, असे विचारले जाई. त्यांच्या जबान्यांवरून महजर लिहिला जाई, त्यावर पाटील नांगराची, न्हावी आरशाची, सुतार किंकऱ्याची निशाणी करी, आणि तो कागद पुढच्या पिढ्यांना सनदेइतका उपयोगी पडे. शिवेच्या बाबतीत महाराची साक्ष विशेष प्रमाण मानीत. ज्या गावाने त्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याच गावाची हद्द त्याच्या स्मरणात सुरक्षित होती, हा अन्याय सांगितल्यावाचून त्या साक्षीचा गौरव करणे मला उचित वाटत नाही.

राजवाड्यांपासूनच्या संशोधकांनी असे महजर परिश्रमपूर्वक छापले आणि विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात त्यांची विस्तृत चिकित्सा केली. या महजरांकडे आजवर न्यायाच्या इतिहासाचे साधन म्हणूनच पाहिले गेले. परंतु त्यांत वार्धक्याचाही इतिहास साठलेला आहे. सत्तरी ओलांडलेल्या मनुष्याची स्मृती ही त्या व्यवस्थेत खाजगी वस्तू नव्हती. ती गावाच्या कारभाराचा एक भाग होती, आणि म्हणून ती ढळू लागली तर ते चारचौघांच्या ध्यानात आल्यावाचून राहत नसे. आज स्मृतिभ्रंशाच्या आजाराविषयी, विशेषतः त्याचे जे सर्वांत सामान्य कारण अल्झायमर या नावाने जगाला परिचित झाले आहे त्याविषयी, खेड्यापाड्यांत बोध कसा पोहोचवावा असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याच्या उत्तराचा शोध मला या जुन्या कागदांपासून घ्यावासा वाटतो.

स्थळ म्हणून मी आळे हे गाव समोर ठेवतो. जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला, पुण्याहून नाशिककडे जाणारा आणि कल्याणहून माळशेज चढून नगरकडे जाणारा असे दोन हमरस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यामुळे हे नाव आज कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या आणि एस.टी.च्या प्रवाशांच्या तोंडी आहे. पण हा सारा मुलूखच प्राचीन वाहतुकीचा आहे: नाणेघाटातील सातवाहनांचा शिलालेख आणि तेथले जकातीचे म्हणून दाखवले जाणारे दगडी रांजण, जुन्नरभोवतीची लेणी, निजामशाहीच्या आरंभीची राजधानी, शिवनेरी, पुढे पेशवाईतील पागा आणि परगणे. इतक्या राजवटींचे हुकूम ज्या भूमीने ऐकले तिला बाहेरून आलेला प्रत्येक निरोप पारखून घेण्याची सवय लागलेली असते.

इंग्रजांचा अंमल बसल्यावर प्रथम प्रिंगलने, आणि त्याची मोजणी फसल्यानंतर १८३६ पासून इंदापुराहून आरंभ करून गोल्डस्मिड व विंगेट यांनी, पुणे जिल्ह्याची जमीन शेतवार मोजली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, हद्दीवर दगड रोवले गेले, नकाशे आले, आणि रयतवारीच्या नोंदी कचेरीत जाऊन बसल्या. या मोजणीने रयतेला काही निश्चितता दिली हे नाकारता येणार नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, जे वृद्धाला विचारावे लागे ते आता तलाठ्याला विचारले जाऊ लागले. पुढे मोडी लिपी शाळांतून गेली, घरातील जुनी कागदपत्रे वाचू शकणारे म्हातारेही एकामागून एक गेले, आणि वृद्धाचे स्मरण हळूहळू ओसरीवरच्या गोष्टींपुरते उरले. विसर पडणे ही गावाची हानी होती. ती एका घराची अडचण झाली. आणि घराच्या अडचणीवर आपल्या समाजाचा ठरलेला उपाय म्हणजे दार लावून घेणे.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण ज्या सहजतेने उच्चारतो तीमध्ये क्रौर्य नाही, पण उपेक्षा पुष्कळ आहे. मात्र या उपेक्षेसाठी केवळ खेडुताला दोष देणारांनी वैद्यकाचा स्वतःचा इतिहासही पाहावा. जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात १९०१ साली आउगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. आपले नाव लिहितानाही ती मध्येच अडखळे. तिच्या मृत्यूनंतर आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि १९०६ च्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निरीक्षण मांडले. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमरांचे नाव दिले, पण ते अकाली, म्हणजे उतारवयाच्या आधी, येणाऱ्या स्मृतिभ्रंशापुरते. वृद्धांचा विसर हा निराळा, वयाचाच परिणाम, असे मोठमोठे धन्वंतरी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मानीत राहिले. १९६८ च्या सुमारास न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांच्या मेंदूंतही तेच बदल दाखवून दिले आणि १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी हे दोन्ही एकच होत असे ठासून लिहिले, तेव्हा कुठे विद्वज्जनांची म्हण बदलली. आळ्याच्या पारावर ती अद्याप बदलली नसेल, तर त्यात नवल काय?

आपल्या देशात या आजाराची गणना करू लागल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडली. हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण पाहणीत, जिचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झाला, पासष्टीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अवघे १.३६ टक्के आढळले. मुंबईच्या एका नागरी पाहणीत, २००१ च्या वृत्तांतानुसार, त्याच वयोगटात ते २.४४ टक्के होते. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने साठीपुढील लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला, आणि तोही शहरांपेक्षा खेड्यांत अधिक, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, अशा विभागणीसह. कसोट्या निराळ्या, वयोगट निराळे, हे खरेच. पण पहिल्या आकड्यांच्या अल्पतेचे एक कारण संशोधकांनीच सुचवलेले आहे. आजार ठरवण्यासाठी, या व्यक्तीची नित्याची कामे पूर्वीप्रमाणे होतात काय, असे घरच्यांना विचारावे लागते. आणि ज्या घरात म्हाताऱ्या माणसाकडून कसल्याही कामाची अपेक्षाच उरलेली नाही त्या घराला त्याची उणीव भासणार कोठून? स्वयंपाक सुनेकडे, व्यवहार मुलाकडे, औषधाची चिठ्ठी नातवाकडे. आजी नुसती बसलेली असते, आणि तिचे नुसते बसणे कोणालाही खुपत नाही. स्मरणाला काम असेल तरच विसर दिसतो, असे माझे मत या आकड्यांनी दृढ केले.

बल्लभगडच्या मंडळींनी आणखी एक शहाणपण दाखवले. पाश्चात्त्य कसोटीत कागदावर वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करीत जा, असे जे प्रश्न असतात ते निरक्षर शेतकऱ्याची बुद्धी मोजीत नाहीत, त्याची शाळा मोजतात. म्हणून त्यांनी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला लावले आणि लिहिण्याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’ असे विचारले. आळ्याच्या कोणा वृद्धेला आजची इंग्रजी तारीख विचारून तिला अनुत्तीर्ण ठरवणे सोपे आहे. परंतु पाऊस कोणत्या नक्षत्राचा चालू आहे, एकादशी होऊन किती दिवस झाले, मोठी लेक कोणत्या गावी दिली आणि तिच्या जावेचे माहेर कोठले, हे तिला विचारून पाहावे. जन्मभर हे सारे जिव्हाग्री असलेल्या स्त्रीला एक दिवस मृग आणि हस्त यांतला भेद सांगता येईनासा झाला, तर ती खूण कोणत्याही छापील प्रश्नपत्रिकेपेक्षा लवकर मिळणारी आहे.

आजाराचा निरोप लोकांच्या रीतीभातींना ओलांडून नेला तर काय होते, याचा कडू धडा या जिल्ह्याने १८९७ साली घेतला. प्लेग खरा होता, संसर्ग खरा होता, रोग्यांना वेगळे ठेवण्यामागे शास्त्रही होते. तरी प्लेग-अधिकारी रँडच्या अमदानीत गोरे सोजीर देवघरांत आणि माजघरांत शिरले, बायाबापड्यांना उघड्यावर तपासू लागले, आणि लोक रोगापेक्षा उपायाला अधिक भिऊन आपले रोगी दडवू लागले. २२ जून रोजी त्याचा शेवट रक्तपातात झाला. याच्या उलट, तीनच पिढ्यांनंतर, शेजारच्या नगर जिल्ह्यातील जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून जे केले त्याकडे पुढे सारे जग पाहू लागले. त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील, स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोग यांविषयीचे ज्ञान त्या गावच्याच बोलीत, गावच्याच चुलीपाशी बसून सांगू लागल्या, आणि डॉक्टरांच्या तोंडून जे पटत नव्हते ते शेजारणीच्या तोंडून पटू लागले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी के.ई.एम. रुग्णालयाच्या वतीने याच विचाराचे काम उभे केले. त्याच वढूच्या परिसरात पुढे, २००७ च्या सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने पन्नाशीपुढील माणसांच्या आरोग्याची पाहणीही झाली. २००५ पासून गावोगाव आलेली ‘आशा’ स्वयंसेविका ही या परंपरेचीच सरकारी संतती होय.

ही परंपरा आपल्यापुरती नाही. अमेरिकेत मेक्सिको व इतर स्पॅनिशभाषी देशांतून जाऊन स्थायिक झालेल्या समाजात अल्झायमरचा धोका तेथील गोऱ्या वृद्धांच्या सुमारे दीडपट असल्याचे सांगतात, आणि तरी ही माणसे दवाखान्यात फार उशिरा येत. आईबापांना सांभाळणे हे लेकीचे कर्तव्य, त्याची बाहेर वाच्यता कसली, ही त्यांची समजूत आपल्याला परकी वाटणार नाही. तेथे लॉस एंजेलिसमध्ये १९९० च्या दशकात ‘एल पोर्ताल’ नावाचा प्रकल्प वस्तीतल्याच संस्था व चर्च यांना हाताशी धरून उभा राहिला. ‘प्रोमोतोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्याच समाजातील स्त्रिया घरोघर जाऊ लागल्या. आणि त्या लोकांच्या आवडीच्या छायाचित्रांच्या कथापुस्तिकांमधून आजारी आईला सांभाळणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगितली गेली. कोलंबियातील आंतिओकिया प्रांताच्या डोंगरी गावांमध्ये तर काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या ऐन चाळिशीत विसर जडे, आणि लोक त्याला शाप मानीत. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी १९८० च्या दशकापासून २०२४ मध्ये निवर्तेपर्यंत त्या घराण्यांची वंशावळ जुळवली, त्यांच्या घरी जेवले, त्यांच्या मर्तिकांना गेले. तो शाप नसून वारशाने उतरणारा एक जनुकीय दोष आहे हे त्या लोकांनी मानले, ते या माणसावरील विश्वासामुळे.

आपल्या भाषेच्या परिसरातला सर्वांत मोलाचा प्रयत्न गोव्याचा आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोव्यातील लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे वर्णन करून सांगितली, तेव्हा ती बहुतेकांनी ओळखली. पण त्यांना आजार कोणी म्हणेना. काहींनी ते वय म्हटले, आणि काहींनी, हे मला फार हृदयभेदक वाटते, मुलांनी प्रेम केले नाही, आबाळ केली, म्हणून असे होते असे सांगितले. म्हणजे रात्री तीनदा उठून सासूची कुशी बदलणारी सून गावाच्या दृष्टीने आरोपी. हे एकदा समजल्यावर घरातील माणसे आजार का झाकतात हे कोडे राहत नाही. आणि ‘हा मेंदूचा रोग आहे’ हे वाक्य सांगणे म्हणजे केवळ ज्ञानदान नसून त्या सुनेची निर्दोष मुक्तता आहे, हेही कळते. पुढे अमित डायस यांच्या पुढाकाराने तेथे घरोघर जाणाऱ्या सल्लागारांची योजना आखली गेली. या सल्लागार मोठ्या पदव्या मिळवलेल्या नव्हत्या. त्यांना थोडके पण नेमके शिक्षण दिलेले होते आणि पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८१ कुटुंबांच्या त्या प्रयोगात रुग्णाच्या वागण्यात म्हणण्यासारखा पालट सिद्ध झाला नाही, परंतु सांभाळणाऱ्या माणसांचे मन सावरले, त्यांचा क्लेश कमी झाला. मी या निष्कर्षाला लहान म्हणणार नाही.

आता आळ्याकडे वळू. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यातून मुंबईला माणसे जाण्याचा ओघ शतकाहून जुना आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी उभारलेला डबेवाल्यांचा व्यवसाय जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले या भागांतील माणसांनीच चालवला. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी डब्यावरील रंगांच्या व आकड्यांच्या खुणा ध्यानात ठेवून एका महानगराचे जेवण वेळेवर पोहोचवले, हा स्मरणशक्तीचाच पराक्रम होता. अनेक गिरणीत गेले. १९८२ च्या संपाने गिरण्या थंडावल्या तेव्हा पुष्कळजण गावी परतले, आणि तेव्हा जे चाळिशीत होते ते आज ऐंशी पार आहेत. पुढच्या पिढीचा बराच भाग अजून मुंबई-पुण्यातच आहे. त्यामुळे घरी एक म्हातारा, एक म्हातारी, क्वचित एक सून, आणि कुकडीच्या पाण्याने हिरवी झालेली शिवारे पण माणसांवाचून ओस पडलेले वाडे, असे चित्र विरळ नाही. अशा घरात विसर पहिल्यांदा दिसतो तो मुलाला, दिवाळीला किंवा यात्रेला आल्यावर. आणि तो परत गेल्यावर पुन्हा कोणाला दिसत नाही.

म्हणून, वृद्धांच्या स्मरणाला आजही जेथे काम आहे अशी स्थाने शोधली पाहिजेत. ती आहेत. भजनी मंडळात बसणारा वारकरी हरिपाठ आणि शेकडो अभंग मुखोद्गत ठेवतो. तेथे टाळकऱ्याला पहिले चरण सापडेनासे झाले तर शेजारच्याला त्याच सायंकाळी कळते. वैद्यकाचेही निरीक्षण आहे की पाठांतरातली गाणी इतर आठवणींच्या मानाने फार काळ टिकतात, तेव्हा ज्याला नातवाचे नाव आठवत नाही त्यालाही या मंडळातून उठवण्याचे कारण नाही. लग्न जुळवताना कुळी आणि सोयरीक सांगणाऱ्या वृद्धा, बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात पाहून वय सांगणारे शेतकरी, ओतूरला कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेत मान असलेली घराणी, हीही अशीच स्थाने. आणि या गावाला आपली स्वतःची एक कथा लाभलेली आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखाने वेद वदविले तो रेडा नेवाशाहून आळंदीस जाताना आळ्याला निवर्तला आणि भावंडांनी त्याला येथेच समाधी दिली, असे परंपरा सांगते. त्या समाधीला आजही लोक माथा टेकवतात. इतिहासाच्या कसोटीला ही आख्यायिका लावण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु ज्याला बुद्धी नाही असे शास्त्र्यांनी गृहीत धरले त्याच्यातही चैतन्य पाहून त्याचा अंत्यसंस्कार साधुपुरुषाप्रमाणे करणारी ही कथा ज्या गावाच्या रक्तात आहे, तेथे बुद्धी हरपलेल्या मनुष्याच्या प्रतिष्ठेविषयी बोलण्यासाठी कीर्तनकाराला दुसऱ्या दृष्टांताची गरज पडू नये. गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता शिकवली, ती श्रोत्यांना प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून. तोच मार्ग येथे मोकळा आहे.

जवळच नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग यांचे गाव. पाडव्याच्या आगेमागे तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या देण्यास येतात. बतावणीत किंवा वगात म्हाताऱ्याच्या विसराळूपणावर हशा पिकवणे जुने आहे. तोच वगनाट्यकार त्याच म्हाताऱ्याच्या बाजूने एक प्रवेश लिहील तर शासनाच्या सहस्र भित्तिपत्रकांनी होणार नाही ते होईल. नागर रंगभूमी आणि चित्रपट यांनी ही वाट चोखाळलेली आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ चित्रपटात, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी, संस्कृतच्या एका स्मृती हरपलेल्या पंडिताची भूमिका केली. हत्तीमागे चालत गेलेल्या त्या वृद्धाला माहुताची बायको लेकरासारखे जवळ करते, आणि ती भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट आळ्याच्या यात्रेत पडदा बांधून दाखवावा, आणि नंतर डॉक्टरांनी तासभर लोकांचे प्रश्न ऐकावेत, असे मला मनापासून वाटते.

त्या डॉक्टरांनी काय सांगावे? एक तर, प्रत्येक विसर हा अल्झायमर नव्हे: थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल औदासीन्य, काही औषधांचे दुष्परिणाम, यांमुळेही बुद्धी मंदावते, आणि त्यांवर उपाय असतात, म्हणून वय झाले असे म्हणून घरी बसवू नये. दुसरे, रक्तदाब, मधुमेह आणि बहिरेपण यांची वेळीच काळजी घेतली तर पुढचा धोका काही अंशी टळतो. कान गेलेल्या म्हाताऱ्याशी बोलणे सोडून देणे ही आपली रीत त्याचा मेंदूही ओस पाडते. आणि खुद्द अल्झायमरवर तो समूळ नाहीसा करणारे औषध आज नाही, हेही सरळ सांगावे. खोटी आशा दाखवून मिळवलेला विश्वास पहिल्या मर्तिकाबरोबर जातो.

आशाताईने मात्र औषधाच्या आधी घराची चौकशी करावी. रात्री कोण जागते, म्हातारे बाहेर निघून गेले तर कोण शोधते, विहिरीला कठडा आहे का, दाराची कडी कोठे आहे, हे तिने विचारावे. चार घरे सोडून राहणाऱ्या भावजयीला आठवड्यातून दोन दुपारी तेथे बसता येईल का, हे विचारावे. आणि गावातल्या कोणी, सासूची आबाळ केली म्हणून तिला असे झाले, असे म्हटले तर सुनेसमोर, सर्वांच्या देखत, हा रोग आहे, हिचा यात दोष नाही, असे तिने मोठ्याने सांगावे.